भंडारा उचलला, मत दुसरीकडे गेलं

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरच्या उपनगरात राहते, वय अठ्ठावन्न. आमचं चौदा बायकांचं भजनी मंडळ आहे. महापालिकेच्या निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराच्या माणसांनी मंडळाला टाळ, पखवाज आणि एक साउंडबॉक्स दिला. मग देवदर्शनाची सहल काढली, बस त्यांचीच. सकाळी जोतिबा, दुपारी नरसोबाची वाडी. येताना बस बिरदेवाच्या एका देवळापाशी थांबवली. ताटात भंडारा आणला आणि मताची शपथ म्हणून एकेकीला उचलायला लावला. म्हणाले, ही निवडणूक न्हाई, धर्माचं काम हाय, भंडारा उचलून मत फिरवलं तर देव घर बघून घेईल. मी उचलला. पण मत दिलं ते आमच्याच मंडळातल्या एकीला, ती त्यांच्या विरोधात उभी होती. २०२१ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा तीच आमच्यासाठी पळाली होती. तरी तो उमेदवार निवडून आला. आठ दिवसांत आमचे मालक स्कूटरवरून पडले, मनगट मोडलं. घाबरून मी मुलाजवळ बोलून गेले. तो एका संघटनेचं काम करतो. म्हणाला, आई, तू धर्माशी गद्दारी केलीस. शाहू महाराजांनीसुद्धा धर्म आणि राजकारण वेगळं मानलं नव्हतं, म्हणतो. मुलगी पुण्यात असते, ती हसते. भंडारा म्हणजे हळद, हळदीला काय भ्यायचं, म्हणते, आणि तुमच्या भजनांमुळंच असली माणसं मोठी होतात असंही म्हणते. माझा दिवा लावताना हात थरथरतो. देव कोपला का? मुलाशी काय बोलू? मंडळ सोडू का?
(भजनी मंडळातली एक, कोल्हापूर)

आक्का,

तुमच्यापेक्षा मी चार-पाच वर्षांनी मोठीच असेन, पण आपल्याकडं आक्का म्हणायला वय आडवं येत नाही.

आधी मनगटाचं बघू. कोल्हापुरात माणूस स्कूटरवरून पडायला एक पाऊस आणि त्यानंतर उखडलेली खडी पुरते, देवाला त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. आणि तुम्ही लिहिता, तो उमेदवार निवडून आला. म्हणजे गुलाल उधळला, डॉल्बी लागला, पेढे वाटले. देवालाच त्याला निवडून आणायचं होतं असं घटकाभर धरू. मग देवाचं काम तर झालं की! आता तो तुमच्या मालकांच्या मनगटावर कशाला राग काढेल?

हे गणित बरोबर असलं तरी तुमचा हात थांबणार नाही, हे मला कळतं. भीती काही हिशेब मांडून बसत नाही.

माझं माहेर हातकणंगले तालुक्यातलं. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला आम्ही लहानपणापासून जायचो. ढोल-कैताळाचा आवाज छातीत घुमतो, भंडारा उधळला की माणसं, छत्र्या, रस्ता सगळं पिवळं होतं, आणि घरी येऊन न्हालं तरी दोन दिवस केसांतून हळद निघत राहते. फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला माणसं कानात जीव आणून उभी असतात. पाऊस कसा पडेल, धान्याची धारण काय राहील आणि राजकारणात काय उलथापालथ होईल, सगळं त्यात येतं. तेव्हा देवाच्या दारात राजकारणाला जागाच नाही, असलं शहरी बोलणं मी तुम्हाला ऐकवणार नाही. आमच्याकडं ते दारात कायम बसलेलं असतं.

तर माझी आजी. एका पंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी तिला भंडारा उचलायला लावला. आठवडा एकच, देऊळ एकच, ताटसुद्धा बहुतेक एकच असेल. तिनं दोन्ही वेळा उचलला, कारण समोर उभे होते ते दीर आणि पुतणे. त्या रात्री ती जेवली नाही. पहाटे उठली, न्हाली, ओल्या केसांनी नारळ घेऊन एकटीच देवळात गेली. मी मागून गेले होते, सात-आठ वर्षांची असेन. तिनं नारळ पायरीवर ठेवला, हात जोडले आणि कुणा शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली, "तुझं नाव घेऊन त्यांनी मला बांधलं. मी तुला मधी घातलं न्हाई. आता सोडव." नारळ फोडला, अर्धा तिथंच ठेवला, अर्धा माझ्या ओच्यात टाकला. घरी आली, भाकरी खाल्ली, झोपली. मत कुणाला दिलं ते आजोबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

आपण लहानपणी काय करायचो आठवा. कुणी "तुला आईची शपथ" घातली की लगेच त्याच्या मागं लागायचं, "सुटली म्हण, सुटली म्हण." त्यानं "सुटली" म्हटलं की मोकळं. पोरांचा खेळ, पण शपथ घालणाऱ्याकडूनच ती सोडवून घ्यायची, एवढं शहाणपण त्यात होतं. तुमची अडचण अशी की ज्यानं घातली तो आता नगरसेवक झालाय, तो कशाला "सुटली" म्हणायला येतोय. मग ज्याच्या नावानं घातली त्याच्याकडंच जायचं. आजीनं तेच केलं.

आणि वचन मोडणं म्हणजे सरसकट अधर्म असंही आपल्या पुराणांनी सांगितलेलं नाही. कीर्तनात कर्णपर्व ऐकलं असेल तर बघा आठवतंय का. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला धर्मराज तंबूत पडलाय. अर्जुन त्याला बघायला येतो. धर्मराजाला वाटतं हा कर्णाला मारूनच आला. तसं नाही हे कळल्यावर त्याचं डोकं फिरतं, म्हणतो, तुझं ते गांडीव देऊन टाक दुसऱ्या कुणाला. झालं! अर्जुनाची शपथ होती, गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याचं मुंडकं उडवीन. तलवार उपसली की त्यानं, सख्ख्या थोरल्या भावावर, शब्द पाळायचा म्हणून. कृष्ण त्याला वचनाचा पक्का म्हणून शाबासकी देत नाही, त्याची अक्कल काढतो. मग कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिकानं खरंच बोलायचं व्रत घेतलेलं. दरोडेखोरांनी विचारलं, माणसं कुठं लपली? यानं व्रत मोडायला नको म्हणून खरं सांगितलं. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. अर्जुनाच्या शपथेवर कृष्णानं काढलेला तोडगा तर बघण्यासारखा आहे. थोरल्याला एकेरी बोलणं म्हणजे त्याला मारल्यासारखंच, तेव्हा धर्मराजाला एकदा "तू" म्हण आणि मोकळा हो. (या हिशेबानं कोल्हापुरात रोज किती खून पडत असतील!)

तुमच्यासमोर त्या दिवशी दोन गोष्टी होत्या. एक, बसमधून उतरवून, बारा जणींच्या देखत, घाबरवून घेतलेला शब्द. दुसरी, गल्लीत पाणी असताना तुमच्यासाठी धावलेल्या बाईची आठवण. तुम्ही दुसरी धरली. कृष्णाकडून तुम्हाला ओरडा बसला असता असं मला काही वाटत नाही.

आता थरथरायचं कुणी, तेही सांगते. मी तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली, वकील नाही, पण कागद बरेच वाचलेत. अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल अशी भीती मतदाराला घालणं हा या देशात गुन्हा आहे. आजचा नाही, शंभर वर्षं जुना. इंग्रजांनी १९२० साली दंडविधानात निवडणुकीच्या गुन्ह्यांचं एक प्रकरण घातलं, त्यातच "दैवी कोपा"ची ही गोष्ट आली. म्हणजे तेव्हाही ताटं फिरत असणार. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्ये आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. महापालिकेच्या निवडणुकीलाही ती लागू होते. आमदार-खासदारांसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ आहे. त्यातही दैवी कोप आहे आणि वर धर्माच्या नावावर मत मागायला बंदीही आहे. हे नुसतं कागदावर राहिलं असंही नाही. मुंबईत विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या उमेदवाराची निवड धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९५ मध्ये ती रद्दच ठेवली. २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं सांगितलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढं करून मत मागणंही यात येतं.

पोलिसात जा, असं मी म्हणत नाही. तुम्हाला त्याच गल्लीत राहायचंय. पण रात्री जाग आली तर एवढं आठवा, की गुन्हा ताट पुढं करणाऱ्याचा होता, ताटाला हात लावणारीचा नाही.

भंडारा उचलायची पद्धत आपल्या भागात जुनी आहे, दूध संस्थेला, सोसायटीला, कारखान्याच्या पॅनेलला, सगळीकडं चालते. पण पूर्वी ज्याच्या हातात भंडारा द्यायचे त्यालाही माहीत असायचं की हे गटाचं राजकारण आहे, उसाच्या बिलाचं आणि दुधाच्या फॅटचं आहे, देवाला नुसतं साक्षीला बसवलंय. मला तेही आवडत नाही. पण तुमच्या बसमध्ये झालं ते आणखी पुढचं. "हे धर्माचं काम हाय" म्हणाले, म्हणजे देव आता साक्षीदार राहिला नाही, उमेदवारच झाला. मग समोरची बाई आपोआप देवाच्या विरोधात उभी राहिली. तीच बाई, जी गेली कित्येक वर्षं एकादशीला तुमच्या शेजारी मांडी घालून हरिपाठ म्हणते. मला त्या उमेदवाराला एकदा विचारायचंय, बाबा, तुला हरिपाठातला पहिला अभंग तरी पुरा येतो का?

आणि इथं तुमच्या पोरांकडं येते. दोघं दोन टोकांचं बोलतात असं तुम्ही लिहिता, पण मुद्द्याच्या गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. मुलगा म्हणतो, भजन म्हणतेस तर आमच्याच बाजूला पाहिजेस. मुलगी म्हणते, भजन म्हणतेस म्हणजे त्यांच्याच बाजूला आहेस. तुम्ही टाळ हातात घेतला की तुमचं मत कुठं जाणार हे दोघांनी परस्पर ठरवून टाकलंय. तुम्हाला विचारायचं मात्र दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

माणसाची भक्ती आणि माणसाची विचारसरणी एकाच दाव्याला बांधलेल्या असतात, हे इतिहासात काही दिसत नाही. सावरकरांनी १९२३ साली "हिंदुत्व" लिहिलं, त्यातच त्यांनी सांगितलंय की हिंदुत्व आणि हिंदू धर्म या दोन गोष्टी एक नव्हेत. ते स्वतः कर्मकांडाचे टीकाकार, गाय हा उपयुक्त पशू म्हणणारे. पलीकडं जीना. नमाज-रोज्याला पक्का माणूस म्हणून त्यांना कुणी ओळखत नव्हतं, आणि धर्मावर वेगळं राष्ट्र मागितलं त्यांनी. त्याच वेळी मौलाना आझाद, ज्यांचं आयुष्य कुराणाचं भाष्य लिहिण्यात गेलं, ते फाळणीच्या विरोधात उभे. आणि गांधीजींची संध्याकाळची प्रार्थना चुकत नव्हती. आता तुम्हीच सांगा, कोण किती भाविक यावरून कोण कुणीकडं, हे कसं काढायचं?

मुलीलाही थोडं सांगायचंय, कारण मुलावर रागावणं सोपं आणि मुलीचं शिकलेलं बोलणं आपण ऐकून घेतो. भंडारा म्हणजे हळद, बरोबर आहे. मंगळसूत्र म्हणजे काळे मणी आणि तिची पदवी म्हणजे कागद. धर्म म्हणजे अफूची गोळी हे वाक्य ती तुमच्यावर टाकत असेल तर मार्क्सचा तो पुरा परिच्छेद वाच म्हणावं. त्यातच धर्माला दडपलेल्या जीवाचा उसासाही म्हटलंय. आणि देव नाकारला की पोथी सुटते असंही नाही. लेनिनचा देह १९२४ पासून मॉस्कोत दर्शनाला ठेवलाय, रांगा लागतात. ती तुमची लेक आहे, तुमच्या भीतीवर हसण्याआधी एकदा गाडी पकडून यायला काय झालं होतं? बाप पडलाय, मनगट मोडलंय. हे जरा जास्त झालं असेल, पण खोडत नाही.

शाहू महाराजांचं म्हणाल, तर मुलगा अगदीच खोटं बोलत नाही, आणि इथं मी चक्क त्याच्या बाजूनं थोडं बोलणार आहे. १८९९ साली कार्तिकात महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले, तेव्हा त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हटले जात नाहीत, पुराणोक्त म्हटले जातात, हे उघड झालं. छत्रपती झाले तरी भटजींच्या लेखी ते शूद्रच. त्यातून वेदोक्ताचं प्रकरण पेटलं, पुण्यापर्यंत गेलं, टिळक विरोधी बाजूला राहिले. महाराजांनी राजोपाध्यांची वतनं काढून घेतली. २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा राखून ठेवल्याचा हुकूम निघाला. १९२० साली पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात मराठा जगद्गुरू नेमला. आमच्याच तालुक्यातल्या माणगावात मार्च १९२० मध्ये त्यांनी बाबासाहेबांना पुढं आणलं, आणि बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेली दीक्षा म्हणजे तरी निव्वळ पूजापाठ बदलणं होतं का? मंत्र कुणासाठी म्हणायचा हा प्रश्न धर्माचा आणि नोकरी कुणाला द्यायची हा राजकारणाचा, अशी वाटणी या शहरात कधी जमलीच नाही. महाराज राजकारणही करत होते, तसं नव्हतं म्हणायला मी काही खुळी नाही.

पण मग त्याला विचारा, महाराजांनी ही सत्ता कशावर चालवली? धर्माच्या दाराशी जो कुलूप घेऊन बसला होता त्याच्यावर. आत येणाऱ्या बायाबापड्यांना हळदीची भीती घालायला नव्हे. आणि त्यांच्या धर्मातून कुणाला हुसकलं गेलं? मराठा, जैन, लिंगायत, सगळ्यांना बोर्डिंगं काढून दिली, मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचे तर ते स्वतः अध्यक्ष झाले. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून नुसती मान फिरवली तर मुस्लिम बोर्डिंग दिसतं. तुमचा मुलगा तिथनं रोज गाडी मारत असेल. जुन्या पेठांतल्या तालमींत २०१८ आणि २०१९ साली गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच वेळी बसले, कारण तीस-बत्तीस वर्षांनी दोन्ही सण एकत्र येतात. तिथल्या पोरांना त्यात धर्म बुडाल्यासारखं वाटलं नाही. ती पोरंही जोतिबाला चांगभलं म्हणतच जातात.

हे सगळं त्याला ऐकवू मात्र नका. मी तुमच्यासाठी लिहिलंय. त्याच्याशी वादात जिंकलात तर तो आणखी दूर जाईल.

तुमच्या पत्रात तो काय काम करतो ते कुठंच नाही. संघटनेचं काम करतो, एवढंच. पोटाचं काय करतो? शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कंत्राटावर फौंड्रीत असेल, अकरा महिन्यांनी ब्रेक मिळत असेल, किंवा घरीच असेल. मी असे बरेच मुलगे बघितले, भाच्यापासून शेजाऱ्यापर्यंत. घरात त्याला "काय करतोस दिवसभर" एवढंच ऐकू येतं आणि संध्याकाळी चौकात कुणी तरी खांद्यावर हात टाकून "भावा, तुझ्याशिवाय जमत न्हाई" म्हणतो. माणूस कुठं जाईल? विचार नंतर येतात, आधी तो खांद्यावरचा हात येतो. ७ जून २०२३ आठवतो ना? मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. त्या दिवसानंतर कित्येक घरांतल्या आया पोलीस ठाण्याच्या दारात बसल्या होत्या. ज्यांनी हाक दिली त्यांच्या आया तिथं असतील असं मला वाटत नाही.

तेव्हा त्याच्याशी बोलायचं ते असं: "तू म्हणतोस मी धर्माशी गद्दारी केली. मग येत्या एकादशीला माझ्याबरोबर भजनाला चल आणि धर्म काय ते मला दाखव." टोमणा म्हणून नको, खरंच बोलवा. आला तर पखवाजाशेजारी बसवा, काही बोलू नका. नाही आला तर पुढच्या एकादशीला परत बोलवा. आणि "गद्दार" हा शब्द आईला वापरायचा नाही, हे मात्र एकदा खणखणीत सांगा, तिथं गोडी नको. मत कुणाला दिलं हे सांगायची सक्ती मला कोर्टसुद्धा करू शकत नाही, तू कोण, असं म्हणालात तरी चालेल. झाली ती चूक, बोलून गेलात. इथून पुढं आमच्या आजीसारखं.

मंडळ सोडायचं अजिबात नाही. साउंडबॉक्स परत पाठवा. त्याच्यावर "यांच्या सौजन्याने" आणि हात जोडलेला फोटो असणार, मला न बघता माहीत आहे. चौदा बायकांच्या आवाजाला साउंडबॉक्स लागतोच कशाला, शेजारीपाजारी तुम्हाला दुवा देतील. टाळ-पखवाज ठेवायचे असतील तर सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांच्या पैशाचा हिशेब मिटवा, ते घेणार नाहीत तर देवळाच्या पेटीत टाका आणि त्यांना तसं कळवा. एकेका साडीच्या पैशात भागेल. पुढच्या सहलीची बस मंडळाची. वाडीची कवठाची बर्फी स्वतःच्या पैशानं घेतली तरी तेवढीच गोड लागते.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचताना दिसली. तुम्ही देवाबद्दल लिहिलंत, मुलाबद्दल, मुलीबद्दल. पण जिला मत दिलंत तिच्याबद्दल दोनच ओळी. चौदातल्या तेरा जणी त्या बसमध्ये होत्या. चौदावी त्या दिवशी काय करत होती? घरोघरी फिरत असेल, किंवा तुमची बस निघताना बघतही असेल. तिला माहीत आहे की आपल्याबरोबर टाळ वाजवणाऱ्या तेराही जणींनी आपल्याविरुद्ध भंडारा उचलला. ती हरली. आता भजनाला येते का ती? आली तर कुठं बसते? मालकांच्या मनगटापेक्षा मला तिची जास्त काळजी वाटली.

आणि त्या तेरातल्या तुम्ही एकट्याच मत फिरवलेल्या, असं तुम्ही धरूनच चाललाय. कशावरून? चार जणी तरी रोज संध्याकाळी तुमच्यासारख्याच थरथरत दिवा लावत असतील आणि एकमेकींना सांगत नसतील. विचारू नका कुणाला. नुसतं एका रविवारी सकाळी सगळ्या मिळून त्याच बिरदेवाला जाऊन या, एसटीनं. चौदाव्या बाईला बरोबर घ्या, ती लाजेल, तरी घ्या. एकेक नारळ. गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगायचं असेल तर सांगा, नाही तर आपलं आपण बोला. ज्याला जे सोडवून घ्यायचंय ते मनातल्या मनात, बाकीच्यांनी ऐकायची गरज नाही. भंडारा पुन्हा कपाळाला लावून या, म्हणजे त्या हळदीची भीती जाईल. ती भीती त्या ताटातली होती, देवळातली नव्हती.

मालकांचं प्लास्टर सहा आठवड्यांनी वगैरे निघेल. मग डॉक्टर सांगतील, बोटं हलवत राहा, मूठ उघडा-मिटा करा. रबरी चेंडू आणायला सांगतात, कंटाळा येतो त्याचा. त्यांच्या हातात टाळ द्या, वर्गणीचा.

तुमची,
ताई